बडनेऱ्यानंतरचा पिवळा दिवा

बडनेऱ्याचा पूल उतरून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. बिल्कीसनं पाचवा गिअर टाकला, तो पहिल्याच झटक्यात बसला, आणि त्या खुशीत ती स्वतःलाच शाबासकी देणार तोच वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागला. 'टिंग' असा आवाजही झाला. दिवा करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यात नळवाल्याच्या पिशवीत असतो तसल्या पान्याचं चित्र. एवढंच. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिला झालं.

"काय वाजलं?" शेजारी बसलेल्या नियाजनं विचारलं.

"बांगड्या," बिल्कीस म्हणाली.

असं का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. चौतीस वर्षं तिनं जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं होतं. आधी अचलपुरात, मग वलगावला. आणि आता रिटायर होऊन सात महिने होत नाहीत तर हे असं, विचार न करता, सफाईदार खोटं. नियाजनं मान हलवली आणि पुन्हा समोर पाहू लागला. म्हणजे तोंड समोर केलं. त्याला समोरचं किती दिसतं हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. काचबिंदूनं त्याची नजर दोन्ही बाजूंनी खात आणली होती. डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून बिल्कीसच्या डोळ्याला लावली होती आणि म्हणाले होते, यांना एवढंच दिसतं, आणि यापुढे तेही कमीच होत जाईल. त्या गुंडाळीतून तिला डॉक्टरांच्या शर्टाचं एकच बटण दिसलं होतं. ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. नियाजनं तेव्हापासून घरात एक कायदाच करून टाकला होता: नगमाला सांगायचं नाही. पोरगी अकोल्यात स्वतःची तपासणी लॅब उभी करून राहिली, तिच्या डोक्याला ताप नको. आज त्या लॅबचं उद्घाटन होतं, संध्याकाळी पाच वाजता, आणि फीत बिल्कीसनं कापायची होती. अम्मी-अब्बू एसटीनं येतायत, अशी नगमाची समजूत होती. अम्मी गाडी चालवत येते आहे हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. लायसन हातात येऊन एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस दिवस बिल्कीस एखाद्या शाळकरी पोरीसारखी हे गुपित गालात धरून होती, आणि सकाळी दहाला अमरावतीतल्या वलगाव रोडवरच्या घरासमोरून गाडी काढताना तिचे तळहात असे झिणझिणत होते की चावी दोनदा खाली पडली.

आता ते झिणझिणणं तळहातांतून मनगटात, मनगटातून खांद्यात चढत गेलं. दिवा तसाच होता. बिल्कीसनं ठरवलं की त्याच्याकडे बघायचं नाही. दोन सेकंदांत तिनं पुन्हा बघितलं. जयवंता मॅडम काय म्हणाल्या होत्या? ड्रायव्हिंग स्कूलच्या जयवंता मॅडम, कमरेला ओढणी घट्ट बांधून शेजारी बसायच्या आणि पायाखाली जास्तीचा ब्रेक असूनही कधी दाबायच्या नाहीत, "तुमाले गरज नाई" म्हणायच्या. त्यांनी एकदा दिव्यांचं सगळं सांगितलं होतं. "लाल दिवा लागला बाई, तर जागच्या जागी थांबाचं. अन् पिवया लागला तर..." नेमकी तेव्हाच कॅम्प रोडवर एक म्हैस आडवी आली होती. म्हैस बिल्कीसला स्पष्ट आठवत होती. तिचं एक शिंग मोडकं होतं, पाठीवर बगळा नव्हता पण बसून गेल्याची पांढरी खूण होती, डोळ्यांत कसलीच घाई नव्हती. वाक्याचा पुढचा भाग मात्र त्या म्हशीनं जो खाल्ला तो खाल्ला. "तर..." काय? पळवायची? ढकलायची? फोन करायचा?

फोन जुबेरला करता आला असता. जुबेर, नियाजचा पुतण्या, आता नियाजचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान तोच बघायचा. त्यानं निघताना खिडकीत वाकून बजावलं होतं, "चाची, काही बी पेटलं, काही बी वाजलं, तर बाजूले घ्या अन् मले लावा फोन. मी गाडीवर पोचतो पंधरा मिनटात." मुलगा मनानं चांगला होता. तो खरंच पोचला असता. मोटारसायकल कुठंतरी लावून त्यानं चावी मागितली असती, आणि बिल्कीस, तू मागं बस, असं कुणीही न म्हणता ती आपोआप मागच्या सीटवर जाऊन बसली असती. हे दृश्य तिला इतकं लख्ख दिसलं की तिनं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. मागची सीट तिला तोंडपाठ होती. अंजनगाव सुर्जीला लहानपणी अब्बांच्या टेम्पोत बसायची तेव्हापासून तिनं प्रवास म्हणून जे काही पाहिलं ते चालवणाऱ्या माणसाच्या मानेमागून पाहिलं होतं. अब्बांची मान, तिच्यावर घामोळ्या. भावाची मान. लग्नाच्या दिवशी भाड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरची जाड मान, तिच्यावर काळा दोरा. मग वर्षानुवर्षं नियाजची, आधी काळ्या केसांची, मग मेंदीनं लाल झालेल्या केसांची, मग पांढरी. नगमा झाल्यावर ती पुढं बसत नव्हती, पोर मांडीवर झोपायची म्हणून. पोर मोठी झाली तरी सवय राहिली. अर्ध्या आयुष्याचे रस्ते तिनं अर्धेच बघितले होते, उरलेल्या अर्ध्यावर कुणाची ना कुणाची मान होती. आणि आज समोर काहीच नव्हतं. काच होती, आणि काचेपलीकडे रस्ता, तिच्या दिशेनं धावत येणारा, तिच्या पायाखाली जाणारा, दोन्ही बाजूंना काढणीला आलेल्या तुरी, मध्येच हरभऱ्याचा हिरवा चौकोन, जानेवारीचं स्वच्छ ऊन, आणि एवढी सगळी जागा की तिला हसू येत होतं. पंचाहत्तरच्या वेगानं जाताना गाडीच्या नाकासमोर हवा कशी दुभंगते हे तिला पायाच्या तळव्यात कळत होतं. लोक हे सुख इतकी वर्षं गुपचूप घेत होते? आणि वर गाडी चालवून थकलो म्हणून घरी येऊन पाय दाबून घेत होते?

"कापूस बरा दिसून राहिला यंदा," नियाज म्हणाला.

डाव्या हाताला तूर होती. दूरपर्यंत तूर.

"हो ना," बिल्कीस म्हणाली.

हे असं त्यांचं चालायचं. उन्हाळ्यापासून तो मधूनमधून काहीतरी दिसल्यासारखं बोलायचा आणि ती हो म्हणायची. आभाळ भरलं, हो. जुबेर बारीक झाला, हो. तो अंदाजानं दगड टाकायचा आणि ती तो बरोबर लागल्याचं सांगायची. कधीकधी खरंच बरोबर लागायचा. रिवाइंडिंगच्या टेबलावर चाळीस वर्षं शेतातल्या जळलेल्या मोटारी उघडणारा माणूस, तांब्याच्या तारेची जाडी बोटानं सांगायचा. त्याला दिसत नाही असं तोंडावर म्हणायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि त्याच्यात तर नव्हतीच. आज नगमाकडे तो काय करणार होता ते तिला ठाऊक होतं. काल रात्री जेवताना त्यानं तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. दुकानाचा रंग कोणता, पाटी केवढी, आत काउंटर डाव्या हाताला की उजव्या. नगमानं फोनवर पाठवलेले फोटो बिल्कीसनं वाचून दाखवले होते, पोरांना धडा वाचून दाखवावा तसे. म्हणजे तो आत शिरून म्हणणार, वा, काउंटर झकास झाला. आणि नगमा खूष होणार. आणि बिल्कीस म्हणणार, हो.

आणि आता तिच्याकडेही लपवण्यासारखं काही होतं. नखाएवढं, पिवळं. गंमत अशी की तिला त्याची भीती वाटत होती तेवढाच त्याचा कैफही चढत होता. लोणी मागं पडलं. तिनं वेग साठावर आणला, पाय हलका ठेवला, आणि कान इंजिनात घातला. आवाज कालच्यासारखाच होता का? काल तिनं ऐकला होता कुठं? जळका वास येतोय का? येतोय. नाही, तो पुढच्या ट्रकचा. तापमानाचा काटा मधोमध. ब्रेक लागतो. ती एकेक गोष्ट तपासत गेली आणि प्रत्येक उत्तर बरोबर आलं की छातीत एक छोटी उडी बसली. मग तिला वाटलं, आपण एकट्या असतो तर गोष्ट वेगळी. शेजारी हा माणूस बसलाय, मांडीवर मिठाईचा डबा धरून, पूर्ण विश्वासानं. त्याला हा दिवा दिसत नाही म्हणून आपण त्याला सांगत नाही. हे बरं नाही, बिल्कीस. हे अजिबात बरं नाही. मुलांना उभं केलं असतंस तू अशा गोष्टीसाठी.

कुरुमच्या फाट्याच्या थोडं पुढं कडुनिंबाखाली एक चहाची टपरी दिसली, पुढं मोकळी, सपाट जागा. बिल्कीसनं आरसा पाहिला, डावा इंडिकेटर दिला, आणि गाडी अशी अलगद बाजूला घेतली की मिठाईचा डबा तसूभरही सरकला नाही.

"काहून थांबली?" नियाजनं विचारलं.

"चहा."

"तू तं रस्त्यावरचा चहा पेत नाई."

"आज पेते."

टपरीवर आशाबाई नावाची एक बाई होती. नाव पत्र्यावर रंगवलेलं होतं, 'आशाबाईचा स्पेशल चहा'. तिनं चालकाच्या दारातून उतरलेली पांढऱ्या केसांची, डोक्यावर ओढणी घेतलेली बाई पाहिली, मग दुसऱ्या दारातून उतरणारा माणूस पाहिला, मग पुन्हा बाई, आणि काही न विचारता दोन खुर्च्या पुसल्या. बिल्कीसनं नियाजला खुर्चीपर्यंत नेलं, त्याच्या हातात ग्लास दिला आणि "पर्स राह्यली" म्हणून गाडीकडे परतली. डाव्या बाजूचा कप्पा उघडला. त्यात नियाजचा जुना गॉगल, एक टॉर्च, विम्याची कागदं, आणि तळाला प्लास्टिकच्या पाकिटात गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक. ते तिनं आजवर कधी उघडलेलं नव्हतं. पुस्तकाला नव्याचा वास होता. मागून सूची काढली. दिव्यांची चित्रं असलेलं पान. ओळीनं दिवे, लहान लहान, आणि त्यांच्यापुढं बारीक अक्षरं. तिनं शिकवायच्या सवयीनं बोट ठेवून वाचत नेलं. तेलाची बरणी, लाल: ताबडतोब थांबा. थर्मामीटर, लाल: ताबडतोब थांबा. आणि मग पाना. पाना, पिवळा. तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. हा बिघाडाचा दिवा नाही. सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे, शेवटच्या नोंदीपासून एक वर्ष किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. इंजिन ऑइलची पातळी पाहून घ्यावी, आणि लवकरात लवकर गाडी सर्व्हिसिंगला द्यावी. बस्स. गाडी चालवू नका असं कुठंही लिहिलं नव्हतं. बिल्कीसनं पुस्तक छातीशी धरलं आणि उघड्या दारात उभी राहून मोठ्यानं हसली. आशाबाईनं वळून पाहिलं.

पुस्तक पाकिटात परत सारताना त्यातून एक छोटी वही घसरली. सर्व्हिसिंगच्या नोंदींची. पहिलं पान, शिक्का, सही, तारीख. दुसरं पान, तसंच. तिसरं. तिसऱ्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. चौथं पान कोरं होतं.

तिनं पान उलटून पाहिलं. मागंही काही नव्हतं. पण मागच्या जानेवारीत तर गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. तो दिवस तिला आठवत होता, कारण त्या दिवशी शाळेत तिच्या वर्गातल्या एका मुलीला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते सांगायला ती धावत घरी आली तर नियाज घरात नव्हता. सकाळी नऊला गाडी घेऊन गेलेला माणूस दिवस मावळताना आला. पँटला गुडघ्यापर्यंत धूळ. "झाली सर्व्हिसिंग," म्हणाला, आणि न जेवता झोपला. त्यानंतर त्यानं गाडी फार काढलीच नाही. गल्लीतल्या गल्लीत. म्हणायचा, आता मजा येत नाही, ट्रॅफिक वाढली. ती चिडायची. चार महिन्यांनी डॉक्टरांकडे गेल्यावर डोळ्याचं कळलं, पण ते नुकतंच सुरू झालं असं नियाज म्हणाला होता, आणि तिनं ते मानलं होतं. गल्लीत धूळ खात उभ्या असलेल्या त्या गाडीकडे बघून बघूनच ती एक दिवस जयवंता मॅडमच्या स्कूलची पायरी चढली होती. रागानं. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात फिरलं, पान हातात असतानाच, आणि जिथं राग होता तिथं दुसरंच काहीतरी, गरम, येऊन बसलं.

ती खुर्चीवर येऊन बसली. चहाला साय आली होती.

"अजी," ती म्हणाली, "मागच्या साली तुमी गाडी सर्व्हिसिंगले नेल्ती ना?"

"नेल्ती ना."

"वहीत शिक्का नाई."

नियाजनं ग्लास ओठाला लावला, खाली घेतला. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिच्या हवेनं टपरीचा पत्रा थडथडला. बिल्कीसला वाटलं, तो म्हणणार, विसरला असन शिक्का मारायले. आणि आपण म्हणणार, हो.

"दिवा लागला काय?" त्यानं विचारलं.

"हो."

"कवा?"

"बडनेऱ्यापासून."

"अन् तू म्हने बांगड्या." त्याच्या मिशा हलल्या. "तवाच वाटलं मले. तू काचेच्या बांगड्या घातल्याच नाईत आज. सकायी हात धरला तवा कयलं." मग त्याचा आवाज खाली गेला. "तवा बी लागलता तो. मागच्या साली. म्हनूनच तं निघालतो. पुलाच्या अलीकडं वळन घेतलं, अन् माह्या हिशोबानं उजव्या हाताले कोनीच नोतं. कोनीच नोतं, बिल्कीस, म्या पाह्यलं होतं. अन् ट्रक होता. इतका मोठा. मले तो दिसला तवा त्याचं चाक माह्या दाराले लागाचं राह्यलं होतं. ड्रायव्हर उतरून मारायले आलता. माहे पांढरे केस पाह्यले अन् गेला."

"मग?"

"मग काय. गाडी बाजूले लावली अन् बांधावर बसलो. दिवसभर. स्टिअरिंगले हात लावाची हिंमत नाई झाली. सांजच्याले एक मानूस भेटला, टॅक्सी चालवत होता, त्याले म्हटलं घरी आनून दे बाबा. गल्लीच्या तोंडाशी आनून देल्ली त्यानं. त्याच्याच हातानं मी तो दिवा बंद करून घेतला. बटन दाबून ठेवलं की जाते म्हने. मले वाटलं, तू पाह्यशीन तं इचारशीन." त्यानं ग्लास चाचपत स्टुलावर ठेवला, तो अचूक ठेवला. "दिवा बंद केला, काम केलंच नाई. सालभर तसंच राह्यलं ते आतमधी."

बिल्कीसला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिला एकदम त्या बांधावर, त्या दिवसात, त्याच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. वक्तृत्वाच्या बक्षिसाची बातमी घेऊन. आणि त्याच वेळी इथं, या निंबाखाली, या उन्हात आपण आहोत, दोघं आहोत, चाक दाराला लागलं नाही, हे तिला असं काही जाणवलं की ती उठूनच उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "ऑइल पाहाचं हाय. पुस्तकात लिवलं हाय. मले बॉनेट उघडता येत नाई. तुमी सांगा, मी करते."

त्यानं सांगितलं. स्टिअरिंगखाली खटका कुठं असतो, तो ओढल्यावर पुढं बोट घालून कुठं दाबायचं, लोखंडी दांडी कुठल्या खाचेत बसवायची. इंजिन थोडं निवू दे म्हणाला, घाई नको. तिनं पिवळ्या मुठीची पट्टी ओढून काढली, आशाबाईकडून फडकं आणून पुसली, पुन्हा खालपर्यंत घातली, काढली. तिच्या बोटांना काळं लागलं आणि ते तिला मेंदीइतकं आवडलं.

"दोन खुना हायेत," ती म्हणाली. "तेल मधात हाय. खालच्या खुनेच्या थोडं वर."

"आन इकडं." नियाजनं पट्टीच्या टोकाला अंगठा आणि तर्जनी लावली, बोटं एकमेकांवर घासली, अगदी हळू, तारेची जाडी बघायचा तसा. नाकाशी नेली. "जुनं झालं. पातय झालं. पन दगा नाई देत अकोल्यापर्यंत. साठच्या वर नेऊ नोको. अन् तिथं गेल्यावर आदी गाडी देऊ, मग पोरीकडं."

"गाडीनंच जायाचं हाय मले तिच्या दारात," बिल्कीस म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण आवाज हट्ट करणाऱ्या मुलीचा निघाला.

"गाडीनंच जाऊ. दम धर."

मूर्तिजापूर, मग बोरगाव मंजू. साठच्या वेगानं, डाव्या लेनमधून. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढं जात होते आणि बिल्कीस प्रत्येकाला मनातल्या मनात जा बाबा म्हणत होती. दिवा आता तिला ओळखीचा झाला होता. नियाज बोलत होता. वर्षभर जो माणूस हो-नाहीत बोलला तो बांध फुटल्यासारखा बोलत होता; नजर कशी आधी कडेनं गेली, जुबेर शेजारी येऊन उभा राहिला की कसा दचकायचा, तारेचा रंग दिसेना तेव्हा वासावरून कसा ओळखला. बिल्कीसला एक डोळा त्याच्यावर ठेवायचा मोह होत होता, पण रस्ता सोडता येत नव्हता, म्हणून ती त्याचा आवाजच ऐकत राहिली, आणि तिला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस आपल्याशेजारी बसलाय.

अकोल्यात शिरल्याशिरल्या एक वर्कशॉप होतं. देवमन नावाचे तिथले मोठे मिस्त्री, कानावर पेन्सिल, त्यांनी वही पाहिली, कोरं पान पाहिलं, आणि आधी नियाजकडे, मग बिल्कीसकडे पाहिलं. "दोन वर्सं?"

"दोन वर्सं," बिल्कीस म्हणाली. "बदलाचं ते सारं बदला. साडेचारले गाडी पायजे."

"बाई, तुमीच चालवता काय?"

"मीच."

"मग या, दाखवतो. आपली गाडी खालून पाह्यली पायजे एकडाव."

गाडी वर उचलली गेली. सुईंऽ आवाज करत, चारी चाकं लोंबत, अगदी सहज. ती खाली गेली. वर मान करून पाहिलं. जिच्यात बसून तिनं इतकी वर्षं लग्नं, मयती, बाळंतपणं केली, तिचं हे पोट तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नियाज तिच्यामागून हळूहळू आला, एक हात पुढं धरून. त्याचा हात तिच्या खांद्याला लागला आणि तिथंच थांबला. त्यानंही मान वर केली. बराच वेळ केली.

"काय दिसते?" त्यानं विचारलं.

बिल्कीसनं मान आणखी वर केली.

"चिखल हाय," ती म्हणाली. "सुकलेला. काया मातीचा, चाकाच्या आतल्या बाजूले पापड धरल्यावानी. एक लांब नळी हाय, मागपर्यंत गेली, तिच्यावर गंज, पन थोडा. मधात एक लोखंडी पातेलं हाय, उलटं टांगल्यासारखं. भाऊ आता त्याचा बोल्ट खोलून राह्यले. थांबा. आलं. तेल आलं. धारच धार. काकवीवानी."

"काया हाय?"

"काया कुट्ट."

"येऊ दे, येऊ दे सारं," नियाज म्हणाला आणि हसला.

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढला, कुणाचा आहे हे बघायचं नाटक केलं नाही, सरळ बिल्कीससमोर धरला. नगमा. तिनं बटण दाबून परत त्याच्या हातात दिला. वर्कशॉपच्या गोंगाटात नगमाचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

"अब्बू! बस कुठं पोचली? शाकीब स्टँडवर येऊन उभे आहेत तासभर!"

बिल्कीसनं डोळ्यांनीच खूण केली, सांगू नका, गाडीचं सांगू नका, आणि मग तिच्या लक्षात आलं की खूण त्याला दिसलेली नाही.

"जावईबापूले घरी पाठव," नियाज म्हणाला. "बसनं आलोच नाई आमी. गाडीखाली हाओत."

"गाडीखाली?" नगमा किंचाळलीच. "अम्मी कुठंय? काय झालं?"

"काई नाई झालं. अम्मी इथंच हाय, मले गाडी दाखवून राहिली. तिनंच आनली गाडी, अमरावतीपासून. ऐक, बेटा. मले दिसत नाई आता. कागदाच्या नयीतून पाह्यल्यावानी थोडं दिसते, बाकी गेलं. सालभर झालं. तुले सांगू नोको म्हनून म्याच सांगतलं होतं अम्मीले, तिच्यावर चिडू नोको." तो थांबला नाही. "पाचले येतोच आमी. काउंटर डाव्या हाताले हाय, हिरवा हाय, हे मले पाठ हाय, पन ते राहू दे. तू हात धरून दाखव. काय कुठं ठेवलं ते सारं सांग. हात लावून पाह्यतो मी, तसं चांगलं कयते मले."

मग तो नुसताच ऐकत होता, मान हलवत, "हो... हो गं... नाई, रडू नोको, लोक येतीन आता दुकानात... नाई दुखत," असं म्हणत. बिल्कीस त्याच्याकडे बघत नव्हती. तेल धारेवरून थेंबांवर आलं होतं, आणि ती ते थेंब बघत होती, एकामागून एक, आणि तिच्या सबंध अंगात असा काही आनंद उसळत होता की तिला पळत सुटावंसं वाटत होतं, वर्कशॉपच्या फाटकातून बाहेर, अकोल्याच्या भर रस्त्यावर.

नवा बोल्ट बसला. देवमननी हात पुसले आणि भिंतीवरच्या बटणापाशी गेले.

"घेऊ काय बाई खाली?"

नियाजनं फोन खिशात ठेवला होता. त्याचा चेहरा ओला होता आणि पुन्हा वर वळलेला होता.

"थांबा भाऊ जरा," बिल्कीस म्हणाली. "ह्यायचं पाहून व्हायचं हाय अजून."

आणि तिनं त्याचा हात धरून वर नेला, नळीपाशी, आणि सांगायला लागली.